चोराचें धन, परक्याचें नांव

गुप्तधन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें परसांतल्या पिंपळाखालीं पुरलेला मोहरांचा हंडा आणि त्यावर वेटोळें घालून बसलेला नाग उभा राहतो. जुन्या काळीं दरोडेखोर असें धन पुरून ठेवीतही असतील. परंतु आजच्या संघटित गुन्हेगारांचें धन शोधावयाचें असेल, तर कुदळ घेऊन निघण्याचें कारण नाहीं. तें हमरस्त्यावर उभें असतें. त्यावर पाटी असते, त्याची घरपट्टी वेळच्या वेळीं भरलेली असते, दसऱ्याला दारावर तोरणही लागतें. मात्र कागदावरचें नांव धन्याचें नसतें. हें धन दुसऱ्याच्या नांवाखालीं लपतें. ही एक गोष्ट ध्यानांत धरली, म्हणजे मुंबईच्या चोरट्या साम्राज्याची गेल्या साठ-सत्तर वर्षांची कथा नीट उलगडते. आणि ती आपल्या माजघरापर्यंत कशी येऊन पोंचते, हेंही समजतें.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यांतील ताडकळससारख्या गांवीं कापूस, ज्वारी आणि पाऊस यांवांचून बोलण्यास चौथा विषय क्वचितच निघतो. तेथील एखादा वाचक म्हणेल कीं, मुंबईच्या टोळ्यांशीं आमचा काय संबंध? आम्ही म्हणतों, संबंध आहे. आणि या मुलुखास ही विद्या अगदींच अपरिचित नाहीं. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्याच निजामाच्या नोकरींत असलेल्या मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३९ सालीं ठगांवर लिहिलेली कादंबरी विलायतेंत फार गाजली. ठगांविषयींच्या त्या काळच्या चौकशांत असें दिसून आलें कीं, वर्षाचे कांहीं महिने वाटसरूंचे गळे आवळणारे हे लोक उरलेला काळ आपापल्या गांवीं शेतकरी किंवा व्यापारी म्हणून प्रतिष्ठेनें राहत, आणि कित्येक ठिकाणीं गांवच्या बड्या मंडळींस लुटींतला वाटाही पोंचवीत. म्हणजे सभ्यपणाचा बुरखा ही मुंबईची नवी युक्ति नव्हे.

कापसाचा भाव आणि मातीचें मडकें

नांदेड-परभणीकडील गावराणी कापूस एके काळीं नांवाजलेला होता. कापूस पिकविणारास भावाची चिंता असते, हें ताडकळसच्या कोणत्याही कास्तकारास सांगावयास नको. परंतु कापसाचें एक बोंडही न वेंचतां त्याच्या भावावर पैज लावणारे लोक मुंबईंत होते. न्यूयॉर्कच्या बाजारांतील कापसाचे उघडतांचे व मिटतांचे भाव तारेनें मुंबईस येत, आणि त्यांतील आंकड्यांवर हा जुगार चाले. १९६१ सालीं ही भावांची रीत बंद पडली. जुगारी मात्र थांबले नाहींत. १९६२ सालीं कच्छहून मुंबईस आलेल्या कल्याणजी भगत यानें वरळीस स्वतःचाच आंकडा काढण्यास आरंभ केला, आणि १९६४ सालीं फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या रतन खत्री यानें आपला वेगळा डाव मांडला. चिठ्ठ्या मडक्यांत घालून आंकडा काढीत, म्हणून या जुगारास मटका हें नांव पडलें. पुढें मडकें गेलें, पत्त्यांची पानें आलीं. नांव तेवढें राहिलें.

या धंद्याचें गणित घरांतील शाळकरी मुलासही करतां येईल. शून्यापासून नवापर्यंत दहा आंकडे. ज्याचा आंकडा निघेल, त्यास रुपयामागें सुमारें नऊ रुपये. शंभर माणसांनीं एकेक रुपया सर्व आंकड्यांवर सारखा वांटून लावला, तर नव्वद रुपये परत जातात आणि दहा चालकाच्या गल्ल्यांत राहतात. आंकडा कोणताही निघो, चालकाचे दहा रुपये ठरलेलेच. हा खेळ दिवसांतून दोनदां आणि लाखों माणसांनीं खेळावा, म्हणजे तें द्रव्य कोठवर जाईल याची कल्पना वाचकांनींच करावी. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे. तरीही हा आंकडा मुंबईच्या गिरणगांवांतून निघून दूरदूरच्या तालुक्यांतील पानाच्या ठेल्यांपर्यंत जाऊन पोंचला. त्यांत श्रीमंताचा पैसा थोडा. हमालाचा, शेतमजुराचा, कापूस वेंचणाऱ्या बाईच्या नवऱ्याचा रुपयाच त्यांत अधिक. गुन्हेगारांच्या महालाचा पाया असा गरिबाच्या घरच्या मिठामिरचीच्या पैशावर भरला जातो. हें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, "बड्यांनीं बड्यांस लुटलें, आपल्यास काय?" असें समजून स्वस्थ बसणें बरोबर नाहीं.

सोन्याची वाट

दुसरा झरा चोरट्या आयातीचा. निजामी अमलांत करोडगिरीचे नाके असत, आणि जकात असली कीं ती चुकविणाराही असतोच. स्वतंत्र भारतांत सरकारनें सोन्यावर निर्बंध घातले. चौदा कॅरटचे दागिने घडविण्याची सक्ति आजही कित्येक आजीबाईंच्या स्मरणांत असेल. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानें तर खाजगी माणसानें सोन्याची लगड बाळगणेंही गुन्हा ठरविला. लग्नांत सोनें हवेंच, आणि राजरोस तें पुरेसें मिळत नाहीं, अशा वेळीं समुद्रमार्गें येणाऱ्या चोरट्या सोन्यास भाव आला. मुंबईच्या गोदींत हमाली करणारा हाजी मस्तान याच व्यापारांत गबर झाला. आणीबाणींत तो तुरुंगांत गेला. सुटल्यावर चित्रपटांस भांडवल पुरविणारा आणि पुढें राजकीय पुढारी म्हणून वावरला. १९९४ सालीं वारला. सुवर्ण नियंत्रणाचा कायदा १९९० सालीं रद्द झाला, आणि त्या व्यापारांतील पूर्वींचा लाभ ओसरला. परंतु तोंवर टोळ्यांजवळ पैसाही सांचला होता आणि तो मुरविण्याची विद्याही.

पैसा मुरविण्याची रीत

ही विद्या थोडक्यांत सांगतों. चोराजवळ रोकड रक्कम येते. ती पेढींत भरावयास गेला तर "कोठून आणली?" असा प्रश्न येतो. म्हणून त्यास असा धंदा हवा असतो कीं जेथें दिवसभर रोकड येतच असते: खाणावळ, मद्यालय, अतिथिगृह, मोटारींची ने-आण, इमारतींचें बांधकाम. गवळी दुधांत पाणी घालतो, तसा या खऱ्या उत्पन्नांत चोरीचा पैसा मिसळतात. आणि एकदां मिसळलें कीं दूध कोणतें व पाणी कोणतें हें कोण सांगणार? परदेशीं पैसा धाडावयाचा असेल तर हवाला असतो. येथें एकाच्या हातीं रक्कम द्यावी, तिकडे त्याचा माणूस तितकीच रक्कम ठरलेल्यास देतो. सीमा कोणीच ओलांडीत नाहीं, चिटोराही उरत नाहीं.

चित्रपटांच्या धंद्यांत हा पैसा कां शिरला, याचेंही कारण असेंच साधें आहे. बोलपट काढण्यास भांडवल फार लागतें, आणि १९९८ सालीं सरकारनें या व्यवसायास उद्योगाचा दर्जा देईपर्यंत पेढ्या त्यास सहसा कर्ज देत नसत. सभ्य सावकारानें दार लावलें, म्हणजे दुसरा सावकार खिडकींतून येतो. त्याची वसुली कशी होते, याची जाणीव १२ ऑगस्ट १९९७ रोजीं सर्व देशास झाली. त्या दिवशीं ध्वनिफितींचे मोठे व्यापारी गुलशन कुमार यांस अंधेरींत देवदर्शन करून परततांना गोळ्या घालून ठार करण्यांत आलें.

आईचें नांव, बहिणीचें नांव

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. रत्नागिरी जिल्ह्यांतील खेड तालुक्यांत मुंबके नांवाचें गांव आहे. मुंबईच्या पोलिसदलांतील एका हवालदाराचें हें मूळ गांव. त्या हवालदाराचा मुलगा दाऊद इब्राहीम. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत एकामागून एक बाँबस्फोट झाले व २५७ माणसें मेलीं, त्या कटाचा तो मुख्य फरारी आरोपी होय. या माणसाची जीं घरें, दुकानें व जमिनी सरकारच्या हातीं आल्या, त्यांचीं कागदपत्रें पाहतां काय दिसतें? कांहीं मिळकती आई अमीना हिच्या नांवावर, कांहीं बहीण हसीना पारकर हिच्या नांवावर. ज्या मुलाच्या नांवानें शहर कांपत होतें, त्याचें स्वतःचें नांव कागदावर शोधूनही सांपडूं नये!

ही युक्ति सरकार ओळखून होतें. म्हणूनच १९७६ सालीं चोरटी आयात व परकी चलनाची लबाडी करणारांच्या मिळकती सरकारजमा करण्याचा जो कायदा झाला, त्यानें गुन्हेगाराबरोबर त्याचे आप्त व साथीदार यांसही कक्षेंत घेतलें. आणि मिळकत प्रामाणिक पैशाची आहे हें सिद्ध करण्याचा भार ती धारण करणारावर टाकला. हें फार कठोर झालें, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९९४ सालीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें कायदा वैध ठरविला; मात्र आप्तांची स्वकष्टार्जित मिळकत यांत जात नाहीं, गुन्हेगाराच्या पैशाशीं जिचा धागा जुळतो तीच जाते, असा खुलासाही केला. मुंबईंतील सात मिळकतींवर १९८८ सालीं या कायद्यान्वयें टांच आली होती. आई व बहीण यांनीं त्याविरुद्ध वर्षानुवर्षें दाद मागितली. अखेर एप्रिल १९१८ नव्हे, एप्रिल २०१८ मध्यें, म्हणजे तब्बल तीस वर्षांनीं, सर्वोच्च न्यायालयानें ती फेटाळली. पैसा कोठून आला हें त्यांस दाखवितां आलें नव्हतें. निकाल लागला तेव्हां दोघींपैकीं एकही हयात नव्हती. उसन्या नांवाचें ओझें मरेपर्यंत वाहिलें, हाच त्यांचा वांटा.

लिलावाची कथा

सरकारनें मिळकती घेतल्या, पण त्यांचें करावयाचें काय? डिसेंबर २००० मध्यें पहिला लिलाव पुकारला, तेव्हां बोली लावण्यास एकही माणूस पुढें आला नाहीं. मालकाचें नांव कागदावर नसलें तरी लोकांच्या मनांत होतें, हेंच त्यावरून दिसून आलें. दुसऱ्या वर्षीं दिल्लीच्या एका वकिलानें नागपाड्यांतील दोन लहान गाळे घेण्याचें धाडस केलें. परंतु ताब्यासाठीं त्यास वर्षानुवर्षें न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. २०१५ सालीं एका उपाहारगृहावर एका पत्रकारानें ४ कोटी २८ लक्षांची बोली लावली, पण उरलेली रक्कम त्यास उभी करतां आली नाहीं. नोव्हेंबर २०१७ मध्यें मात्र तेंच उपाहारगृह व आणखी दोन मिळकती मिळून ११ कोटी ५८ लक्षांस गेल्या. त्या घेतल्या भेंडीबाजाराची नवी बांधणी करणाऱ्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टनें.

मुंबके येथील वडिलोपार्जित घराची पाळी नोव्हेंबर २०२० मध्यें आली, आणि तें ११ लक्ष २० हजारांस गेलें. पुढें ५ जानेवारी २०२४ रोजीं त्याच गांवच्या चार जमिनी लिलावास निघाल्या. पैकीं दोहोंस कोणी विचारलें नाहीं. आणि सुमारें १७१ चौरस मीटरांच्या एका तुकड्यास, ज्याची सरकारी किंमत अवघी १५ हजार ४४० रुपये होती, दोन कोटींवर बोली लागली. एकाच गांवच्या मातीस एकीकडे शून्य आणि दुसरीकडे कोटि! जमिनीचा भाव तिच्या कसावरून ठरतो, असें ताडकळसचा शेतकरी सांगेल. येथें भाव ठरला तो भीति, कुतूहल आणि हौस यांवरून. अशा धनास स्वतःचें मोल उरत नाहीं, तें असें.

सरकारच्याच नांवाची चोरी

दुसऱ्याच्या नांवाखालीं लपण्याची ही कला पराकाष्ठेस नेली ती बेळगांव जिल्ह्यांतील खानापूरच्या अब्दुल करीम तेलगी यानें. लहानपणीं आगगाडींत व फलाटावर खाद्यपदार्थ विकून पोट भरणारा हा मुलगा मोठेपणीं मुंबईंत परदेशीं मजूर पाठविण्याची कचेरी चालवूं लागला, आणि नंतर मुद्रांकांच्या विक्रींत शिरला. इतर गुन्हेगार आईचें वा मेहुण्याचें नांव वापरतात. यानें प्रत्यक्ष सरकारचें नांव वापरलें. बनावट मुद्रांक छापून त्याच्या हस्तकांनीं ते पेढ्या, विमा कंपन्या व दलालांच्या पेढ्या अशा मोठमोठ्या गिऱ्हाइकांस विकले. बाहेरून पाहणारास तो धंदा कचेरी, कारकून, पावत्या आणि सवलतीचा दर अशा थाटांत इतर कोणत्याही धंद्यासारखा चाले. नोव्हेंबर २००१ मध्यें तो अजमेर येथें पकडला गेला. २००७ सालीं त्यास तेरा वर्षें सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड झाला. ऑक्टोबर २०१७ मध्यें कैदेंत असतांनाच तो बंगलोरच्या रुग्णालयांत वारला. खरेदीखतावरील, वांटणीपत्रावरील मुद्रांक म्हणजे आपल्या घराण्याच्या विश्वासाचा शिक्का. त्यालाच कीड लागली, तर न्यायालयांत दाद ती कशाच्या आधारें मागावी?

असें धन पुढच्या पिढीस तरी सुख देतें काय? कल्याणजी भगताचा मुलगा सुरेश हा २००८ सालीं अलिबागजवळ मोटारीस मालमोटारीची धडक बसून मेला. तपासांत तो अपघात नसून घात असल्याचें निघालें, आणि २०१३ सालीं न्यायालयानें इतरांबरोबर त्याची पत्नी व मुलगा यांसही दोषी ठरविलें. मडक्यांतून निघालेला पैसा अखेर घराच्या उंबरठ्यावर रक्त सांडून गेला, यापेक्षां अधिक भाष्य आम्हांस करावयाचें नाहीं.

इतर देशांचा अनुभव

हें दुखणें एकट्या हिंदुस्थानचें नाहीं. अमेरिकेंतील शिकागो शहराचा गुंड अल कपोन हा आपल्या कार्डावर जुन्या लाकडी सामानाचा व्यापारी म्हणवून घेत असे. खुनांबद्दल त्यास पकडतां आलें नाहीं. १९३१ सालीं त्यास अकरा वर्षांची शिक्षा झाली ती प्राप्तीवरील कर चुकविल्याबद्दल. तरवारीपुढें न नमलेला माणूस जमाखर्चाच्या वहीपुढें नमला. इटलीनें याहून पुढचें पाऊल टाकलें. १९८२ च्या कायद्यानें तेथें टोळीवाल्यांच्या मिळकती जप्त करण्याची सोय झाली, आणि १९९६ च्या कायद्यानें त्या लोकोपयोगी कार्यास देण्याची. सिसिली बेटांतील अशा कित्येक जमिनींवर आज सहकारी मंडळ्या गहूं व द्राक्षें पिकवितात. जेथें लोक जाण्यास भीत, तेथें लोकांची शेती उभी राहिली. मुंबके येथील जमिनींचा लिलाव करून थोडके रुपये मिळविण्यापेक्षां तेथें शाळा किंवा दवाखाना निघाला असता, तर भीतीचा अंमल अधिक लवकर सरला असता, असें आमचें मत आहे.

आपल्या घरापुरतें

आतां शेवटचा व सर्वांत जवळचा मुद्दा. चोरास नांव लागतें, तें त्यास देतो कोण? तें नेहमीं गुंडच देतात असें नाहीं. कारकून, निवृत्त शिक्षक, भोळी काकू, नुकता पदवीधर झालेला पुतण्या हेही देतात. एकत्र कुटुंबांत "नांव कोणाचें कां असेना, मिळकत घरचीच" असें म्हणण्याची जुनी चाल आहे. थोरल्या भावानें शेत घ्यावें आणि सातबाऱ्यावर धाकट्याचें नांव लावावें, सुनेच्या नांवानें घर घ्यावें, हें विश्वासानें होत आलें आहे. ही चाल आपापसांत शोभते. परंतु तिच्यामुळें आपला हात सही करण्यास फार सैल झाला आहे, आणि नेमका त्याचाच लाभ परका घेतो.

बेनामी व्यवहारांचा कायदा १९८८ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१६ पासून तो पुष्कळ कडक करण्यांत आला. त्याप्रमाणें अशा मिळकती सरकारजमा होतात, आणि खरा धनी व नांव देणारा या दोघांसही एक ते सात वर्षें सक्तमजुरी व मिळकतीच्या बाजारभावाच्या चतुर्थांशापर्यंत दंड होऊं शकतो. एकत्र कुटुंबास या कायद्यानें अभय ठेविलें आहे, हेंही सांगितलें पाहिजे. कुटुंबाच्या कर्त्यानें कुटुंबासाठीं धारण केलेली मिळकत, किंवा पत्नीच्या वा मुलांच्या नांवें घेतलेली मिळकत बेनामी ठरत नाहीं. भाऊ, बहीण अथवा वडीलधारे यांच्याशीं संयुक्त नांवानें घेतलेलीही नाहीं. अट एकच, कीं पैसा ज्ञात व राजरोस मार्गानें आलेला असावा. म्हणजे कायदा नात्यावर संशय घेत नाहीं. पैशाचा उगम विचारतो. आपणही तोच विचारावा.

यास्तव आमचें सांगणें थोडकें आहे. आपल्या नांवानें पेढींत खातें उघडूं देणें, मंडळींत संचालक म्हणून नांव घालणें, "दोन वर्षांपुरती जमीन तुमच्या नांवावर असूं द्या" ही विनंति मान्य करणें, यांतील एकही गोष्ट मुरवतीखातर करूं नये. जमिनीस बाजारभावाहून फार अधिक किंमत देणारा आणि सारी रोकडींत मोजणारा गिऱ्हाईक दारीं आला, तर आनंद मानण्यापूर्वीं चौकशी करावी. आणि आमच्या वाचकभगिनींस तर विशेष सांगणें कीं, पुढें केलेला प्रत्येक कागद वाचल्यावांचून, न कळल्यास समजावून घेतल्यावांचून त्यावर सही करूं नये. मग तो कागद दिरानें आणलेला असो कीं प्रत्यक्ष यजमानांनीं. न्यायालयाची नोटीस पुढें येते ती सही करणारीच्याच नांवानें.

आपल्याकडे मूल बाराव्या दिवशीं पाळण्यांत घालतात, तेव्हां सर्व गोतावळ्यासमक्ष त्याच्या कानांत नांव सांगतात. तें नांव पुढें जन्मभर निष्कलंक राहावें, एवढीच त्या वेळीं वडीलधाऱ्यांची इच्छा असते. चोरास धनाची वाण कधींच पडत नाहीं. त्यास वाण असते ती अशा निष्कलंक नांवाची. तें त्यास कोणीं उसनें दिलें नाहीं, तर त्याच्या कोट्यवधि रुपयांस लपावयास जागाच उरणार नाहीं.